गालावरचा थेंब

त्या लघुचित्रातल्या घोड्याला पाच पाय आहेत. चार नीट, काळजीनं रंगवलेले. पाचवा फिकट, पुढच्या उजव्या पायामागून डोकावणारा. चित्रकारानं आधी पाय एका जागी काढला असणार, मग त्याला तो आवडला नसणार, म्हणून त्यानं त्यावर पांढरा रंग फासून दुसऱ्या जागी नवा काढला. पुढं तो पांढरा विरत गेला आणि खोडलेला पाय परत वर आला. घोड्यावर कोणी सरदार बसलाय. त्याच्या पागोट्याबद्दल आणि तलवारीबद्दल शेजारच्या पाटीवर बरंच लिहिलंय. पायाबद्दल एक अक्षर नाही.

मला तो पाय सापडला तेव्हा मी आमच्या शहरातल्या वस्तुसंग्रहालयात एका घोळक्याच्या मागं उभी होते आणि पुढं आमचे सर तलवारीबद्दल बोलत होते. मी कुणाला काही सांगितलं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की ही नोकरी मला जमेल. त्याआधी मी फक्त अर्ज केला होता. पाय दिसल्यावर मला ती नोकरी पाहिजेच झाली.

नोकरी गाईडची होती. शहरातल्या एका खासगी टुरिस्ट कंपनीला इंग्रजी नीट बोलणारी मुलं-मुली हवी होती. काही आठवडे शिकवणार, मग एक खराखुरा ग्रुप हातात देऊन परीक्षा घेणार, त्यात पास झालं की लेण्यांचे ग्रुप मिळणार. शिकवणं संग्रहालयातच चालायचं, कारण अजिंठा रोज उठून जाण्याएवढा जवळ नाही आणि संग्रहालयात एका दालनात अजिंठ्याच्या काही चित्रांच्या जुन्या प्रती टांगलेल्या आहेत. कॅनव्हासवर, तेलरंगात, कुणीतरी गुहेत बसून केलेल्या. आमचे सर स्वतः याच प्रतींपुढं उभं राहून गाईड झाले होते. आता त्यांनी तयार केलेले गाईड लेण्यांवर होते.

घरात कुणाचा विश्वास बसला नाही. पप्पा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत, फुलंब्रीकडची शेती काका बघतात, आणि दोन्ही घरांत माझी ओळख एकच: ती बोलत नाही. मला इंग्लिश मीडियमला घातलं होतं. शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची आणि गावी गेलं की इंग्लिशची पोरगी म्हणून चुलत भावंडं माझं मराठी ऐकायला गोळा व्हायची. अजूनही एकोणसाठ की एकोणसत्तर हे मला क्षणभर थांबून ठरवावं लागतं. दोन्हीकडं गप्प बसणं सोयीचं होतं, ते मी शिकले आणि त्यात तरबेज झाले.

"घरात पाहुणे आले तर पाण्याचा ग्लास ठेवून आत पळतेस," मम्मी म्हणाली. "तिथं बसभर लोकांपुढं काय बोलणार गं?"

"पाहुणे मला प्रश्न विचारतात, मम्मी. तिथं मला विचारता येतील."

"हे एवढं बोललीस हेच खूप झालं," पप्पा पेपरातून म्हणाले. "बँकेची परीक्षा दे. तिथं काचेच्या मागं बसायचं असतं."

सर मात्र बोलणारे होते. आवाज असा की दालनातले वॉचमनही ऐकत उभे राहायचे. मराठी, हिंदी, थोडी दखनी, लागेल तेवढं इंग्रजी, सगळं एका वाक्यात. त्यांच्याकडं युक्त्या होत्या. टॉर्च खालून धरला की चित्रातली बाई रुसलेली दिसते, वरून धरला की हसते. "देखो, आता हसली! हसली की नाही?" आणि लोक खरंच म्हणायचे, हसली हसली. मी त्यांना कमी लेखत नाही. माणसाला एका जागी उभं करून चित्राकडं बघायला लावणं सोपं नसतं, आणि ते सरांना यायचं.

त्या दालनात डाव्या भिंतीवर एका बाईची प्रत आहे. दाराच्या चौकटीला हात टेकवून ती उभी आहे, मान कललेली, मागं एक दासी तबक घेऊन आणि पायापाशी एक हंस. ती कोण आहे हे पाटीवर लिहिलेलं नाही. सर तिला राणी म्हणायचे. आणि तिच्या गालावर, डोळ्याखाली, तपकिरी रंगाची एक बारीक रेघ सुरू होते आणि हनुवटीपाशी थेंबासारखी फुगते.

"राणीचा अश्रू," सरांनी टॉर्च तिथं नेला आणि आवाज एकदम खाली आणला. "राजा संन्यास घेऊन गेला. राणी दारात उभी आहे. मागं सोनं आहे, दासी आहे, सब कुछ. आणि चित्रकारानं काय केलं? एक अश्रू. फक्त एक. बेटा, ही आपली हुकमी जागा आहे. इथं थांबायचं. मनात पाचपर्यंत मोजायचं. मग बोलायचं."

आमच्यातल्या सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी बाईकडं बघत राहिले.

मी तिच्याकडं पुढचे कित्येक दिवस बघत राहिले. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे चहाला जायचे आणि मी डबा दालनाबाहेर संपवून परत आत यायचे. बाजूनं बघितलं की चित्र सगळीकडं सपाट आणि मंद दिसायचं, आणि तो थेंब तेवढा चकाकायचा. रंगाच्या वर आलेला, जाडसर. मग मला दिसलं की रेघ हनुवटीशी संपतच नाही. ती पातळ होऊन पुढं जाते, गळ्यातल्या मोत्यांवरून, चौकटीवरच्या हातावरून, बांगडीवरून, कुठंही न वळता. आणि तशीच एक रेघ मागच्या खांबावर आहे. तशीच एक, लहान, हंसाच्या मानेवर.

ते वॉर्निश होतं. प्रत झाल्यावर तिच्यावर जो चकाकीचा हात मारतात, तो जास्त झाला आणि ओघळला. ज्यानं मारला त्यानं पुसायचा कंटाळा केला किंवा त्याला ते दिसलं नाही. बस, एवढंच.

मला हे कळलं तेव्हा आनंद झाला. खोटं पकडल्याचा आनंद नव्हता तो. घोड्याच्या पाचव्या पायासारखाच होता. चित्राच्या मागं एक माणूस असतो, तो चुकतो, कंटाळतो, आणि त्याचं ते चुकणं काचेमागं जपून ठेवलं जातं. लोकांना हे सांगावं असं मला वाटलं. मी सरांना सांगायचं ठरवलं आणि त्यासाठी मला चार दिवस धैर्य गोळा करावं लागलं.

"सर, तो अश्रू नाहीये बहुतेक. वॉर्निशचा ओघळ आहे."

"अच्छा?"

"तो हातावरूनही जातो. आणि हंसावर पण आहे."

"मग हंस पण रडतोय," फर्दापूरचा मुलगा मागून म्हणाला आणि सगळे हसले. तो आमच्याच बॅचमध्ये होता. त्याच्या घरच्यांचं लेण्यांच्या पायथ्याशी रंगीत दगडांचं दुकान होतं आणि तो मला पहिल्या दिवसापासून 'इंग्लिश मॅडम' म्हणायचा. "राजा गेला म्हणल्यावर त्याला दाणे कोण टाकणार? रडंल नाय तर काय!"

सरही हसले. मग माझ्या खांद्याशी झुकून, इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "नजर चांगली आहे तुझी. पण नजर आपल्यासाठी असते, बेटा. टुरिस्टसाठी कहानी असते."

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या गाडीनं आम्हाला अजिंठ्याला नेलं. फर्दापूरला उतरून लेण्यांच्या बसमध्ये बसलो. त्या मुलाचे दोन चुलते, एक मावशी आणि एक शाळासोबती वाटेत भेटले, आणि प्रत्येकाला त्यानं सांगितलं की तो आता साहेब झालाय. मी खिडकीशी बसून मनात एकच गोष्ट घोळवत होते. मला खरी बाई बघायची होती.

गुहेत चपला काढून गेलो. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. मग भिंत हळूहळू वर येते. आमच्या आधी एक ग्रुप तिथं होता, आणि त्यांच्यापुढं कंपनीचाच एक गाईड, सरांचा जुना चेला. मी त्यांच्या मागं उभी राहिले. चौकट दिसली. हात दिसला. दासीचं तबक दिसलं, प्रतीतल्यापेक्षा कितीतरी सुंदर. कपाळ होतं, एक डोळा होता. त्याच्याखाली काही नव्हतं. गिलावा पडलेला. डोळ्याखालपासून मानेपर्यंत नुसता मातकट खडबडीत दगड. गालच नव्हता.

"आणि हा राणीचा अश्रू," गाईड म्हणाला. त्याचा टॉर्च त्या दगडावर होता. त्यानं मनात पाचपर्यंत मोजलं, मला कळलं. "थोडा पुसट झालाय. नीट बघा. दिसला?"

"हो, हो," कुणीतरी म्हणालं.

"कुठं? अच्छा, ते! दिसला दिसला."

"बघ ना, इतक्या वर्षांनी पण."

एक बाई आपल्या मुलीला उचलून दाखवत होती. मी त्या दगडाकडं बघत होते आणि माझी मान आपोआप हलायला लागलेली मला जाणवली. मी ती थांबवली. मला आजही त्या क्षणाची भीती वाटते. आणखी थोडा वेळ तिथं उभी राहिले असते तर मलाही दिसला असता.

म्हणजे झालं होतं ते असं. संग्रहालयातल्या प्रतीवर कुणाच्या तरी निष्काळजीपणानं वॉर्निश ओघळलं. त्या प्रतीपुढं गाईड शिकले. त्यांनी तो ओघळ इथं आणला आणि जिथं गालही नाही तिथं लावला. प्रत झाली तेव्हा गाल शाबूत होता का, की प्रत करणाऱ्यानं तो मनानं भरला, तेही कुणाला माहीत नाही. निदान मला नाही.

परतीच्या गाडीत मी सरांच्या शेजारी जाऊन बसले. मी कुणाच्या शेजारी स्वतःहून जाऊन बसत नाही.

"सर, तिथं गाल नाहीये."

ते शेंगदाणे खात होते. पुडी माझ्यापुढं धरली. "मला काय माहीत नाही? मी किती वेळा गेलो असेन तिथं."

"मग?"

"मग काय? लोक दुरून येतात. गाडीभाडं, हॉटेल, ऊन. त्यांना काय सांगू, इथं दगड आहे? 'माहीत नाही' विकत नाही, बेटा. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही."

"पण ती रडत होती की नाही हे आपल्याला–"

"बरं, असं कर." ते माझ्याकडं वळले. खरंच मला मदत करायच्या इराद्यानं वळले. "'असं म्हणतात' लाव पुढं. 'असं म्हणतात की हा राणीचा अश्रू आहे.' झालं! खोटं पण नाही, कहानी पण वाचली."

"कोण म्हणतं, सर?"

"आपण म्हणतो!" ते मोठ्यानं हसले. मग हसणं थांबवलं. "ऐक. परीक्षेला ती जागा येणार. तिथं थेंब सांगायचा. कसाही सांग, पण सांग. नाही सांगितलास तर मी तुला ग्रुप देऊ शकणार नाही. मालकांना मी काय उत्तर देऊ, पोरगी दगड दाखवते?"

गाडी चिकलठाण्याच्या दिव्यांपाशी आली तेव्हा फर्दापूरचा मुलगा पुढं येऊन माझ्या सीटच्या पाठीवर रेलला.

"काय झालं? साहेब तापले?"

"थेंब सांगायचा म्हणतात."

"मग सांग की. थेंबच हाय ना? बोलायचं अन् पुढं सरकायचं. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"तुला माहीत होतं, गाल नाही म्हणून?"

"आमच्या गावातल्या शेरडांना पण माहितीय." त्यानं खांदे उडवले. "दुकानात मी काचेचा मणी जांभळा दगड म्हणून विकलाय, मॅडम. तू थेंबावर अडलीस. लई इंग्लिश झालं की असं होतं."

त्यानं पुढं त्याच्या परीक्षेत तो थेंब असा सांगितला की एका आजीनं पदर डोळ्याला लावला. तो पास झाला. चांगला गाईड आहे तो, असं ऐकते.

माझं का अडलं हे मी तेव्हा कुणाला सांगू शकले नाही. इथं लिहिते. मी गप्प असते तेव्हा लोक माझ्या चेहऱ्यावर काहीतरी लावतात. लाजाळू. आखडू. नाराज. एका मावशीनं तर कॉलेजात असताना माझा प्रेमभंगही ठरवून टाकला होता आणि वर मला समजावलंही होतं. मी तेव्हा बसस्टॉपवरच्या पोस्टरच्या फाटलेल्या कोपऱ्याकडं बघत असेन, किंवा काहीच करत नसेन. आणि ही बाई, जिच्या गालाच्या जागी दगड आहे, तिला या सगळ्यांनी मिळून रडवत ठेवलं होतं. गुहेत, संग्रहालयात, रोज, दर तासाला. ती रडत असेलही. पण हे ठरवणारे आपण कोण?

परीक्षेचा दिवस आला. मला दिलेला ग्रुप निवृत्त शिक्षकांचा होता, बाहेरगावचा. निवृत्त शिक्षक ऐकत नाहीत, तपासतात. सर सगळ्यांच्या मागं, हात मागं बांधून उभे होते. पहिल्या दालनातच मी बोलायचं ते अर्धं विसरले. मग मी माझं करायचं ठरवलं. घोड्याच्या चित्रापाशी थांबले.

"याचे पाय मोजा," मी म्हणाले. इंग्रजीत नव्हे. ग्रुप मराठी होता आणि मला अचानक वाटलं, काय होईल ते होवो.

"पाय?" एक गृहस्थ म्हणाले. ते गणिताचे असावेत. "चार." मग चष्मा वर केला. "थांबा. हे काय आहे?"

"पाच आहेत हो!"

"कुठं पाच? हा शेपटीचा..."

"शेपटी पुढं असते का, सर? सरका जरा, मला बघू द्या."

ते सगळे काचेला नाक लावून उभे राहिले आणि भांडायला लागले. मला बोलायची गरज पडली नाही. बिदरीच्या हुक्क्यावर चांदीच्या नक्षीतलं एक फूल उलटं आहे, ते एका बाईंनी स्वतःच शोधलं. हिमरूच्या शालीची उलटी बाजू मी मागं लावलेल्या आरशातून दाखवली, जिथं सगळे धागे सुटे लोंबतात. वेळ जात होता. आणि मग आम्ही डाव्या भिंतीपाशी आलो.

सरांनी मागून मान किंचित हलवली. बोट डोळ्याखाली नेलं आणि गालावरून हळूच खाली आणलं. विसरू नकोस.

मी पाचपर्यंत मोजलं नाही.

"हिच्या गालावर जो थेंब दिसतोय," मी म्हणाले, "तो पुष्कळ ठिकाणी अश्रू म्हणून दाखवतात. तो अश्रू नाही. वॉर्निश आहे. बाजूनं बघा, चकाकतं. हंसाच्या मानेवरही आहे. मूळ चित्रात या जागी गिलावा पडलाय, गाल शिल्लकच नाही."

पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "असं कसं? मी स्वतः पाहिलाय. शाळेची सहल घेऊन गेले होते अजिंठ्याला. तो अश्रू मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

"तुम्हाला दाखवला असेल, बाई."

"दाखवला म्हणजे? मी काय लहान आहे? मुलींना मी तिथंच उभं राहून सांगितलं होतं त्याबद्दल." त्यांचा आवाज चढला. "तुझं वय काय गं?"

एरवी मी इथं खाली बघितलं असतं. "मीही तिथं उभी होते," मी म्हणाले. "मलाही दिसायला लागला होता. मी परत बघितलं."

"मग आम्ही इथं बघायचं काय?" गणिताचे गृहस्थ म्हणाले. ते चिडले नव्हते, त्यांना खरंच हवं होतं. "राणी रडत नाही, तर ती करते काय?"

"राणी आहे की नाही तेही माहीत नाही. तिची टाच बघा. मागची."

टाच जमिनीपासून उचललेली आहे. अगदी थोडी. प्रतीतही आणि गुहेतही, तो भाग शाबूत आहे. माणूस उभा राहून शोक करत असेल तर टाच टेकवतो. उचललेली टाच म्हणजे ती निघाली आहे, किंवा आत्ताच येऊन थांबली आहे, किंवा चवड्यावर उभं राहून दूरवर काही बघते आहे. मी हे तिन्ही सांगितलं आणि त्यातलं कुठलं खरं ते मला माहीत नाही असंही सांगितलं. काहींनी मान हलवली. अश्रू पाहिलेल्या बाई हलल्या नाहीत. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि थेट बाहेर जाऊन बाकावर बसल्या. त्यांच्या दोन मैत्रिणी त्यांच्या मागं गेल्या. मला वाईट वाटलं. पण मी माझं वाक्य मागं घेतलं नाही.

ग्रुप गेल्यावर सर दालनात एकटेच राहिले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं पडलं असतं.

"एक बाई बाहेर बसून राहिली," ते म्हणाले. "पैसे देऊन आलेली."

"हो."

"तिची आठवण होती ती. तू काढून घेतलीस."

याचं थोडंसं उत्तर मला आता सुचतं. तिनं त्या सहलीत उन्हातून चालत मुलींना चित्रापर्यंत नेलं, त्यांना एका बाईकडं नीट बघायला शिकवलं, ते सगळं तिचंच आहे. फक्त थेंब तिचा नव्हता. तो तिलाही कुणीतरी दिला होता.

"ऑफिसात ये," सर म्हणाले. "तुझं इंग्रजी चांगलं आहे. बाहेरदेशच्या लोकांच्या मेलना उत्तरं लिही. एसी आहे, लोकांपुढं उभं राहायचं नाही. तुझ्या स्वभावाला बरं."

सगळ्यांना माझ्या स्वभावासाठी एक काच सापडत होती.

"नको, सर. ग्रुप द्या."

"थेंबाशिवाय?"

"थेंबाशिवाय."

त्यांनी हात पुढं केला. मी गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढून त्यांच्या हातात दिलं.

घरी सांगितल्यावर मम्मी म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? तुला बोलायला जमणार नाही."

"बोलले म्हणूनच नोकरी गेली, मम्मी."

पप्पांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडं बघितलं आणि परत वर धरला. बँकेच्या परीक्षेचा विषय त्या रात्री कुणी काढला नाही.

पुढच्या महिन्यात मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं की मी रविवारी सकाळी संग्रहालयात जाते, कुणाला चित्रं सावकाश बघायची असतील तर यावं. लिहिल्यावर फोन उशीखाली ठेवला. तीन बायका आल्या. एकीला खरंच चित्रं बघायची होती, एक तिच्याबरोबर आली होती आणि तिसरीचे गुडघे दुखत होते, आमच्या बागेपेक्षा इथली बाकं बरी म्हणून ती आली. आम्ही पूर्ण सकाळभरात फक्त एकच दालन बघितलं. मग त्या दुसऱ्या रविवारी आल्या आणि त्यांनी आणखी कुणाला आणलं. मोठं काही नाही. पोट भरेल असं तर मुळीच नाही. सकाळी शिकवण्या घेते, त्यावर चालतं.

गाईडांमध्ये एक रीत आहे. चित्रापुढं ज्याचा ग्रुप आधी उभा राहिला, त्याचं संपेपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. कुणी कितीही मोठा गाईड असो, मध्ये घुसायचं नाही, घाई करायची नाही. ही रीत मला सरांनीच शिकवली होती, आणि ते ती कसोशीनं पाळतात.

गेल्या रविवारी आम्ही डाव्या भिंतीपुढं उभ्या होतो तेव्हा ते आले. मागं मोठा ग्रुप, गळ्यात कॅमेरे. मला बघून ते थबकले. मी नमस्कार केला, त्यांनीही केला. मग ते रीतीप्रमाणं थांबले आणि त्यांच्यामुळं त्यांचा ग्रुपही.

माझा आवाज खाली गेला. मग मला वाटलं, का? मी तो वर आणला. थेंबाबद्दल सांगितलं, पहिल्यापासून, हंसासकट. त्यांच्या ग्रुपातले दोघंतिघं पुढं सरकले. एकानं सरांना विचारलं, "हे खरंय का हो?"

"त्यांचं होऊ द्या," सर घड्याळ बघत म्हणाले. "मग मी सांगतो."

माझ्या ग्रुपातल्या त्या गुडघेवाल्या काकू बाकावरून उठल्या होत्या. त्या एरवी काही विचारत नाहीत. चित्राच्या अगदी जवळ जाऊन, डोळे बारीक करून त्या चौकटीच्या पलीकडच्या कडेकडं बघत होत्या.

"अगं, ही बोटं कुणाची?"

"कुठली, काकू?"

"ही काय. दाराच्या आतल्या बाजूला. हिचे दोन्ही हात तर इकडं आहेत. आणि दासीच्या हातात तबक आहे."

मी बघितलं. इतके महिने या चित्रापुढं उभी राहूनही मला ती दिसली नव्हती. चौकटीच्या काळोख्या कडेवर चार बोटांची टोकं, आतून धरलेली. दाराआड कुणीतरी होतं.

सगळे पुढं झुकले, माझेही आणि त्यांचेही. सरांनी पुन्हा एकदा घड्याळ बघितलं, मग माझ्याकडं. आता मी आवरतं घ्यायला हवं होतं. मी पर्समधला टॉर्च काढला, काकूंच्या हातात दिला आणि बाजूला झाले नाही.